मालिका मोजायची कशाने?

नाटकाचं परीक्षण वाचून माणूस तिकीट काढतो किंवा तिकिटाचे पैसे वाचवतो. सिनेमाचंही तेच. मालिकेचं परीक्षण मात्र अजब प्रकरण आहे. वर्ध्यात सकाळी चहाबरोबर पेपर उघडला, की पुरवणीच्या आतल्या पानावर कुणीतरी चालू मालिकेबद्दल चारशे शब्द लिहिलेले असतात. वाचणाऱ्या घराने ती मालिका आधीच पाहिलेली असते. तिच्यावरून वाद झालेला असतो आणि तिच्यातल्या सासूची नक्कलही करून झालेली असते. तिकीटच नाही, त्यामुळे पैसे वाचवायचा सल्ला नाही. भाग होऊन गेलेला, त्यामुळे ‘चुकवू नका’ म्हणण्यात अर्थ नाही. मालिका संपलेलीही नाही, म्हणजे ‘एकंदरीत’ हा परीक्षकांचा लाडका शब्द वापरायची चोरी. मग परीक्षक लिहितो कशासाठी, आणि आपण वाचतो कशासाठी?

या प्रश्नाचा धागा ओढत गेलं तर तो कुठल्या कुठे जातो. अमेरिकेतल्या एका कुलूपबंद पेटीपर्यंत जातो, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजापर्यंत जातो, नागपूरच्या जुन्या उच्च न्यायालयात जातो आणि दोनदा थेट सेवाग्रामला येऊन पोचतो.

सुरुवातीला हे लक्षात घ्यायला हवं की टीव्हीच्या पहिल्या काही दशकांत कार्यक्रम एकदाच दिसायचा. मागे नेऊन पुन्हा पाहायची सोय प्रेक्षकाला नव्हती, तशी समीक्षकालाही नव्हती. ठरलेल्या वेळी संचासमोर बसायचं, मांडीवरच्या वहीत खरडायचं, आणि जे निसटलं ते निसटलं. अशा निसटत्या गोष्टीवर लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये क्लाइव्ह जेम्स या मूळच्या ऑस्ट्रेलियन लेखकाने १९७२ ते १९८२ अशी दहा वर्षं सदर लिहिलं. ज्या कार्यक्रमांवर ते होतं त्यांतले कित्येक आज कुणाला आठवतही नाहीत. सदराची पुस्तकं मात्र निघाली आणि लोकांनी ती चवीने वाचली. अमेरिकेत १९७३ साली ‘शिकागो सन-टाइम्स’च्या रॉन पॉवर्सना समीक्षेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. टीव्हीवर लिहून ते मिळवणारे ते पहिले. म्हणजे सल्ला देण्याची जबाबदारी डोक्यावर नसणं हेच या लेखनाच्या पथ्यावर पडलं होतं. नाट्यसमीक्षकाला वाचकाच्या खिशाचा विचार करावा लागतो. टीव्हीवर लिहिणारा मोकळा असतो. सगळ्यांनी मिळून जे पाहिलं ते काय होतं, एवढंच त्याला शोधायचं असतं.

आपल्याकडे इंग्रजी वृत्तपत्रांत हे काम अमिता मलिक यांनी अनेक दशकं केलं. मराठीत नाट्यसमीक्षेची परंपरा दांडगी, पण टीव्हीच्या वाट्याला पुरवणीतलं आतलंच पान आलं. खरं तर या माध्यमाची मराठीशी नाळ फार जुनी. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ला दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हाच्या अगदी सुरुवातीच्या निर्मात्यांत पु. ल. देशपांडे होते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला आलं. १५ ऑगस्ट १९८२पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर एकाच वेळी एकच गोष्ट दिसू लागली. दुसरी वाहिनीच नव्हती. नावडलं तरी रिमोट दाबून पळता येत नव्हतं. हाती राहायचं ते पोस्टकार्ड.

आणि लोकांनी पोस्टकार्डं लिहिली! ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ला सुरू झाली. तिच्या सुमारे १७ महिन्यांच्या काळात जवळपास ४ लाख पत्रं आल्याची नोंद अभ्यासकांनी केली आहे. मुळात ही मालिका कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी आखलेली होती. पहिल्या तेरा भागांत उपदेश इतका उघडा होता की लोक कंटाळले. टीका झाली, तेव्हा लेखक मनोहर श्याम जोशी यांनी उपदेश पातळ करून घरातल्या माणसांच्या भानगडी पुढे आणल्या. पुढे अख्खा देश त्या घरात राहायला गेला. सरकारी वाहिनीवरची, सरकारी हेतूची मालिका प्रेक्षकांच्या मताने वळली, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

समीक्षक आणि लोक यांची खरी जुंपली ती ‘रामायण’वरून. २५ जानेवारी १९८७च्या रविवारी सकाळी रामानंद सागर यांची ही मालिका सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८पर्यंत ७८ भाग चालली. इंग्रजी पत्रांतल्या समीक्षकांनी नाकं मुरडली. गती रखडलेली, मुकुट भडक, नेपथ्य नाटक कंपनीचं, आणि कॅमेरा एकेका चेहऱ्यावर जाऊन बसतो तो उठतच नाही. त्याच वेळी गावोगाव लोक अंघोळ करून टीव्हीला हार घालत होते. जालंधरमध्ये तर मालिका रामाच्या राज्याभिषेकावरच संपणार हे कळल्यावर सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकींना मानणाऱ्या त्या समाजाला उत्तरकांड हवं होतं. पुढे ते आलंही.

मग समीक्षक मूर्ख होते की लोक भाबडे? तुलसीदासांच्या रामचरितमानसाच्या पारायणांचा अभ्यास केलेले अमेरिकन प्राध्यापक फिलिप लटगेनडॉर्फ यांनी १९९० साली या मालिकेवर दीर्घ लेख लिहून तिसराच मुद्दा मांडला. समीक्षकांनी पट्टी लावली ती सिनेमाची. मालिका मात्र रामलीला, कथावाचन आणि झांकी यांच्या घराण्यातली होती. सिनेमात कॅमेरा चेहऱ्यावर थांबला तर कथा थांबली असं वाटतं. इथे तो थांबतो तो दर्शनासाठी. प्रेक्षकाने देवाकडे पाहावं, देवाने प्रेक्षकाकडे. आपल्याकडे कीर्तनकार एका अभंगावर तासभर घालवतात, तेव्हा ‘कथानक पुढे सरकत नाही’ म्हणून कुणी उठून जात नाही, तसंच हे. याचा अर्थ मुकुट भडक नव्हते असा नाही. होतेच! पण ‘रखडलेली’ हा शेरा मालिकेबद्दल जेवढं सांगतो तेवढंच शेरा मारणाऱ्याच्या हातातल्या पट्टीबद्दलही सांगतो. समीक्षा वाचताना मला हे सगळ्यात चकित करणारं वाटतं. माप घेणाऱ्याला आपली पट्टी लपवता येत नाही.

आता नागपूर आणि सेवाग्रामकडे येऊ.

जानेवारी १९८८मध्ये दूरदर्शनवर ‘तमस’ सुरू झाली. भीष्म साहनींची फाळणीच्या दंगलींवरची कादंबरी, दिग्दर्शक गोविंद निहलानी. पहिल्याच प्रसंगात ओम पुरींचा नथू एका कोंदट खोलीत डुक्कर मारायची धडपड करतो. कशासाठी मारायचं हे त्याला ठाऊक नाही, कुणीतरी पैसे देऊन सांगितलेलं. ते जनावर पुढे मशिदीच्या पायरीवर सापडतं. मालिकेवर वर्तमानपत्रांत कौतुक आणि संताप यांचा एकच गदारोळ उठला, निदर्शनं झाली, निहलानींना पोलिस संरक्षण घ्यावं लागलं. प्रक्षेपण थांबवावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज गेला आणि स्थगितीही मिळाली.

मग जे झालं ते टीव्हीच्या इतिहासात दुर्मीळ. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी संपूर्ण मालिका स्वतः बसून पाहिली आणि मत दिलं. मी ते मत टीव्हीचं परीक्षण म्हणूनच वाचतो. मालिकेचा रोख जातीय विखाराविरुद्ध आहे, चिथावणी देणाऱ्यांचा डाव ती उघडा पाडते, असं त्यांनी म्हटलं. आणखी एक गोष्ट त्यांनी लिहिली, जी पुष्कळ पगारी समीक्षकांना कधी सुचत नाही. निरक्षर माणसाला व्यवहारज्ञान नसतं असं समजू नका, पडद्यावर उघड दाखवलेली कपटनीती त्यालाही कळते. स्थगिती उठली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी १९८८मध्ये तिथेही हाच निर्णय कायम राहिला.

सर्वोच्च न्यायालयाने ‘तमस’ मोजायला जी पट्टी वापरली ती नागपूरची होती. नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार या खटल्यात एक कसोटी सांगितली होती. १९४७च्या निवाड्यांत ती छापून आली. शब्दांचा परिणाम जोखताना विचारी, खंबीर आणि धीट माणूस डोळ्यांपुढे ठेवायचा. डळमळीत मनाचा, किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणारा माणूस ठेवायचा नाही. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, म्हणजे याच न्यायालयाच्या अखत्यारीत होता. टीव्ही देशात यायच्या आधी बारा वर्षं छापून आलेलं एक वाक्य चाळीस वर्षांनी एका मालिकेला वाचवतं. एखाद्या मालिकेत हा योगायोग दाखवला असता तर समीक्षकांनी ‘ओढूनताणून आणलेला’ म्हणून फटकारलं असतं.

त्यात भर म्हणजे भीष्म साहनी स्वतः सेवाग्रामला राहून गेलेले. १९३८च्या सुमारास त्यांचे थोरले भाऊ, पुढे अभिनेते झालेले बलराज साहनी, सेवाग्रामात ‘नई तालीम’ या पत्रिकेचं काम करत होते. भीष्मजी त्यांच्याकडे आले, वर्धा स्टेशनवर उतरून टांग्याने आश्रमाकडे गेले आणि पहाटे फिरायला निघालेल्या गांधीजींच्या मागे चालले. याबद्दल त्यांनी नंतर मोठ्या जिव्हाळ्याने लिहिलं आहे. दहा वर्षांत त्यांचं रावळपिंडी दंगलीत जळालं आणि त्यातून पुढे ‘तमस’ आली.

सेवाग्रामशी दुसरी गाठ आहे ती समीक्षकाचीच. ऑक्टोबर १९३९मध्ये बाबूराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकात ख्वाजा अहमद अब्बास यांनी गांधीजींना अनावृत पत्र लिहिलं. अब्बास तेव्हा सिनेमावर लिहिणारे तरुण पत्रकार होते. गांधीजींनी सिनेमाला जुगार, सट्टा आणि घोड्यांच्या शर्यतींच्या पंक्तीत बसवलं होतं, आणि हे अन्यायाचं आहे, असं अब्बास यांनी अदबीने पण स्पष्ट सांगितलं. चांगल्या चित्रपटांची नावंही दिली. त्या वेळी सेवाग्रामचं नाव अजून शेगावच होतं. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाची गल्लत होते म्हणून ते पुढच्या वर्षी बदललं. पडद्यावरच्या गोष्टींना मोल आहे की नाही, हा वाद वर्ध्याच्या दारात टीव्हीच्या वीस वर्षं आधीच येऊन गेला होता, तो असा.

नव्वदच्या दशकात खासगी वाहिन्या आल्या आणि न्यायाधीश बदलला. अल्फा मराठी १५ ऑगस्ट १९९९ला सुरू झाली, ई टीव्ही मराठी २०००च्या जुलैत, स्टार प्रवाह २००८च्या नोव्हेंबरात. आता मालिकेचा निकाल पेपर लावत नाही. तो लागतो गुरुवारी, टीआरपीच्या आकड्याने.

हा आकडा तयार कसा होतो ते समजून घेण्यासारखं आहे. २०१५पासून मोजणी करणारी संस्था आहे ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, सगळे तिला ‘बार्क’ म्हणतात. वाहिनी जेव्हा मालिका प्रक्षेपित करते तेव्हा तिच्या आवाजात एक सांकेतिक खूण मिसळलेली असते. कुठली वाहिनी आणि कुठला क्षण, एवढं त्या खुणेत असतं. सासूबाईंचा करडा स्वर किंवा पार्श्वसंगीताचा दणका यांच्या आड ती अशी दडवलेली असते की माणसाच्या कानाला ती कळत नाही. निवडलेल्या घरात टीव्हीजवळ ठेवलेलं यंत्र मात्र ती बरोबर टिपतं. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर आपलं वेगळं बटण असतं. आजी बसली की आजीचं दाबायचं, उठली की पुन्हा दाबायचं. ही घरं कुठली हे गुपित ठेवलं जातं. आपण रोज संध्याकाळी ती खूण ऐकतो आणि आपल्याला पत्ताही नसतो, या कल्पनेनेच मला गंमत वाटते.

२०२०च्या सुमारास देशात टीव्ही असलेली घरं होती साधारण २१ कोटी आणि यंत्रं होती सुमारे ४४,०००. म्हणजे एक घर जवळजवळ पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलतं. २०११च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची वस्ती १३ लाखांची. नुसत्या सरासरीने पाहिलं तर अख्ख्या जिल्ह्याच्या वाट्याला साठेक घरं आली तर डोक्यावरून पाणी. प्रत्यक्षात वाटणी जिल्हानिहाय होतही नाही. नमुना नीट निवडला तर एवढ्यावरही अंदाज बरा येतो, त्यात जादू नाही, संख्याशास्त्र आहे. पण २०१५च्या ऑक्टोबरपर्यंत ग्रामीण भाग या देशव्यापी आकड्यांत नव्हताच. आपल्या जिल्ह्यातले तीनांतले दोन लोक खेड्यात राहतात. म्हणजे सेलू-समुद्रपूरच्या गावांतल्या बाया वर्षानुवर्षं मालिका पाहत होत्या, रडत-हसत होत्या, आणि हिशेबात त्यांचं पाहणं शून्य होतं. यंत्राचीही पट्टी असते ती अशी.

शिवाय यंत्राला फक्त ‘लावली होती’ एवढंच कळतं. का लावली होती ते कळत नाही. आवडीने पाहिली, की सासूच्या हातून रिमोट सुटत नव्हता म्हणून पाहिली, की किती वाईट आहे हे बघायला पाहिली? आकड्यात तिन्ही सारखीच.

समीक्षकाची अडचण वेगळी आहे, ती निव्वळ वेळेची. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६च्या ऑगस्टपासून २०२१च्या मार्चपर्यंत चालली. टाळेबंदीचा खंड वजा केला तरी भाग हजाराच्या खूप वर गेले. जाहिराती काढून एक भाग बावीस मिनिटांचा धरला, तर हजार भागांना साडेतीनशेहून जास्त तास लागतात. रोज आठ तास, रविवारची सुट्टीसुद्धा न घेता, दीड महिना. इतकं पाहून लिहिणारा समीक्षक जगात नसेल. त्यामुळे बहुतेक परीक्षणं पहिल्या आठवड्यातच येऊन जातात, प्रोमोतली चमक अजून ताजी असताना. आणि मालिकेचं खरं रूप दिसतं ते चारशेव्या भागात, जेव्हा मूळ गोष्ट संपलेली असते आणि ट्रॅक वाढवायचे असतात. अनेकदा पुढच्या थोड्याच दिवसांच्या भागांची ‘बँक’ तयार असते. गुरुवारी आकडा पडला की पुढच्या भागांत कुणाचा अपघात होतो, कुणाची स्मृती जाते, कुणाची बहीण परदेशातून उगवते. पेपरातला समीक्षक अशा मालिकेवर मत देतो तेव्हा तो चालत्या गाडीचा फोटो काढत असतो.

‘माझ्या नवऱ्याची बायको’त वर्ध्याच्या प्रेक्षकाला स्वतःची समीक्षा करायची संधी होती. नायिका राधिका नागपूरची, बोलण्यात आपल्याकडचा ठसका. मुंबई-पुण्याच्या लेखनात अशा पात्राच्या भाषेला ‘गोड’, ‘रांगडी’, ‘खुसखुशीत’ अशी विशेषणं लावण्याची सवय आहे. आर्वीच्या माणसाला आपली आई गोड बोलते असं वाटत नाही, ती बोलते एवढंच. तो ऐकतो ते निराळं. पात्र ‘काय करून राहिली’ म्हणालं ते ठीक, पण पुढच्याच वाक्यात ‘मले’ सोडून ‘मला’ म्हणालं का? डोळ्याचा ‘डोया’ झाला का, की लेखकाने चार ‘बे’ आणि दोन ‘पोट्टे’ पेरून नागपूर उभं केलं? पात्र चिडलं की गावची बोली आणि गंभीर झालं की पुणेरी, असं तर नाही ना? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. बोली फक्त हसवायला वापरली आहे की विचार करायलाही, हे त्यातून कळतं. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त माणसं वऱ्हाडीत उद्ध्वस्त होतात, आणि ते नाटक लिहून चार दशकं होऊन गेली. टीव्हीने अजून तेवढी मजल मारलेली नाही, असं माझं मत आहे. राधिकेने मसाले विकून शेकडो कोटींची कंपनी उभी केली त्याची लोकांनी यथेच्छ टिंगल केली. मला मात्र ती कंपनी भाषेपेक्षा कमी खटकली.

विनोदी मालिकेचा न्याय तर आणखी अवघड. गंभीर मालिका फसली तर ‘प्रामाणिक प्रयत्न’ म्हणून सोडता येते. विनोद फसला की फसला. म्हणून विनोदवाल्यांनी निकाल आपल्याच हाती ठेवायची युक्ती फार पूर्वी काढली. चार्ल्स डग्लस हा अमेरिकेतल्या सीबीएस कंपनीचा अभियंता. पन्नासच्या दशकात त्याने एक पेटी बनवली. तिला टंकयंत्रासारख्या कळा होत्या आणि पायाखाली पट्टा. एक कळ दाबली की बाईचं खुदकन हसणं, दुसरी दाबली की पुरुषांचा गडगडाट, पट्टा दाबून हशा चढवायचा-उतरवायचा. पेटीला कुलूप असायचं आणि आत काय आहे ते डग्लस कुणाला दाखवत नसे. अमेरिकेतल्या शेकडो मालिकांवर याच पेटीतली माणसं हसली.

आपल्याकडे पेटी होतीच, पण २००५च्या ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’पासून पेटीच्या जागी माणूस आला. नवज्योतसिंग सिद्धू आणि शेखर सुमन परीक्षक म्हणून बसले आणि हसण्याचं काम पडद्यावरच होऊ लागलं. २०१८ला सुरू झालेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’त प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर त्या खुर्च्यांवर दिसले. बघा, काय झालं ते. वर्तमानपत्रातला समीक्षक होता तिथून उचलून टीव्हीने स्वतःच्या चौकटीत बसवला, त्याला हसायला सांगितलं आणि त्याच्या हसण्याचा जवळून शॉट घेतला. प्रेक्षकाने कुठे हसायचं हे आता परीक्षकच दाखवतो. प्रहसनांत दम असतो तेव्हा त्या हसण्याची गरज नसते, आणि दम नसतो तेव्हा ते हसणं जास्तच मोठ्याने ऐकू येतं.

वर्तमानपत्र आणि विनोदी मालिका यांचं याहून सुंदर नातं मात्र मराठीत होऊन गेलं आहे. दिलीप प्रभावळकर ‘लोकसत्ता’त ‘अनुदिनी’ नावाचं सदर लिहीत, एका आजोबांची रोजनिशी. त्यातून २००१ साली अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली, दिग्दर्शक केदार शिंदे, आणि आबांच्या भूमिकेत स्वतः प्रभावळकर. याच माणसाने सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचा चिमणराव केला होता. टिपऱ्यांच्या घरात खलनायिका नव्हती, विषप्रयोग नव्हता. भागाच्या शेवटी आबा दिवसभराच्या गोंधळावर आपल्या वहीत चार ओळी लिहायचे. म्हणजे मालिकेच्या पोटातच तिचं परीक्षण, तेही दर वेळी त्याच माणसाचं, त्याच चष्म्यातून. पेपरात जन्मलेली मालिका शेवटपर्यंत पेपरातल्या रकान्यासारखीच श्वास घेत राहिली. मराठी टीव्हीवर यापेक्षा चांगली कौटुंबिक विनोदी मालिका झाली असेल तर ती मी पाहिलेली नाही.

नागपूर आवृत्त्यांच्या संपादकांना म्हणून एक विनंती. तुमच्या पुरवणीत मालिकांच्या नट-नट्यांच्या मुलाखती असतात, सेटवरच्या वाढदिवसांचे फोटो असतात. त्यातला एक रकाना महिन्यातून एकदा हिंगणघाटच्या, देवळीच्या, कारंजा घाडगेच्या कुणालातरी द्या. तारे नकोत, पाचपैकी अडीच नकोत. मालिका पहिल्या आठवड्यात नाही, तीनशेव्या भागाला पाहून लिहिलेलं हवं. आणि वाचकहो, संपादकांनी रकाना देईपर्यंत थांबू नका. वाचकांच्या पत्रव्यवहारात अजून जागा असते. मालिकेचं नाव, भागाची तारीख, खटकलेला किंवा आवडलेला एकच प्रसंग, आणि तो कोणत्या पट्टीने मोजलात ते, एवढं दीडशे शब्दांत बसतं.